जुना लॅपटॉप ठेवावा की नवा घ्यावा?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, शेमिनी असेरेथच्या दिवशी, आपण सारे सणात असताना मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमीची देखभाल थांबविली. तेव्हापासून श्रूजबरीतील आपल्या ज्येष्ठ मंडळींचे मला सारखे फोन येत आहेत. प्रश्न एकच असतो: "आता लॅपटॉप टाकून द्यावा काय?" कोणास मुलाने सांगितलेले असते की ताबडतोब नवा घ्या, कोणास शेजाऱ्याने सांगितलेले असते की काही होत नाही, चालेल तोवर चालू द्या. मी संगणकतज्ज्ञ नाही. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन पुढील सारे आयुष्य रुग्णालयांत काढलेली मी एक बाई आहे. तरीही चिटणिसांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, कारण गेल्या वर्षभरात मी आपल्या घरातील आणि नात्यातील तीन लॅपटॉपांचा निकाल लावला, आणि तिन्हींचा निकाल निरनिराळा लागला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम बसविली, थोरल्या दिरांसाठी नवा लॅपटॉप घेतला, आणि माझा जुना मी अजून ठेवला आहे. असे का केले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कळफलकावर आपण अक्षर दाबले की ते पडद्यावर उमटविणे, फोटो कोठे ठेवला आहे ते लक्षात ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, ही सारी कामे तो पडद्यामागे करीत असतो. विंडोज १० हा कारभारी २०१५ साली आला आणि विंडोज ११ हा २०२१ साली. देखभाल थांबली म्हणून जुन्या कारभाऱ्याने काम सोडले, असे झालेले नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी माझा लॅपटॉप आदल्या दिवशी सुरू झाला होता तसाच सुरू झाला. थांबले ते एवढेच: या प्रणालीत सापडणाऱ्या उणिवा बुजविण्यासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जे सुरक्षा अपडेट विनासायास येत असत, ते आता आपोआप येत नाहीत.

"त्याने काय बिघडते?" असे विचारणाऱ्यांस मी इंग्लंडमधील रुग्णालयांची हकीकत सांगते. १२ मे २०१७ रोजी, शुक्रवारी, वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. ज्या संगणकात तो शिरे त्यातील फायलींना कुलूप घाली आणि उघडण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांना त्याची झळ लागली. सुमारे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज पुढे काढण्यात आला, आणि काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. ज्या फटीतून तो प्रोग्रॅम शिरला ती बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, जवळजवळ दोन महिने आधी, दिलेले होते. बाधित झालेल्या बहुतेक संगणकांवर विंडोज ७ ही त्या वेळी देखभालीत असलेलीच प्रणाली होती. फक्त आलेले अपडेट कोणी बसविलेले नव्हते. ज्या परिचारिकेने वॉर्डात रात्रपाळी केली आहे, तिला त्या शुक्रवारची कल्पना सांगावी लागत नाही. समोर रुग्ण आहे आणि त्याचा रक्तगट, त्याची औषधे, त्याचा कालचा अहवाल, काहीच दिसत नाही.

म्हणून देखभाल नसलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार, इस्पितळाच्या पोर्टलवरचे अहवाल किंवा भारतातील निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहणे मला मान्य नाही. अँटिव्हायरस आहे ना, असे काहीजण म्हणतात. विंडोजमधील डिफेंडर या पहारेकऱ्यास नव्या विषाणूंची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, हे खरे आहे. परंतु भिंतीला भगदाड असताना केवळ पहारेकऱ्याच्या भरवशावर झोपणे शहाणपणाचे नव्हे.

आता तपासणीकडे वळू. रुग्ण आला की आम्ही आधी नाडी, ताप, रक्तदाब पाहत असू. औषधाची चिठ्ठी त्यानंतर. लॅपटॉपच्या बाबतीत लोक याच्या नेमके उलट करतात: आधी दुकानात जातात आणि मग घरच्या यंत्रात काय होते ते विचारतात.

प्रथम सेटिंग्ज उघडावे, त्यात सिस्टीम, आणि त्यात अगदी शेवटी अबाउट. तेथे प्रोसेसरचे नाव दिसेल. इंटेल कंपनीचा असेल तर कोअर आय-३, आय-५ किंवा आय-७ असे लिहिलेले असते आणि पुढे एक आकडा असतो. तो आकडा ८२५० असा असला तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. ६२०० असला तर सहावी. १०३५ किंवा ११३५ असला तर पहिले दोन अंक धरून दहावी व अकरावी. विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी किंवा त्यानंतरची पिढी लागते. एएमडी कंपनीचा रायझेन प्रोसेसर असेल तर लॅपटॉपांत बहुतांशी ३००० च्या मालिकेपासून पुढचे चालतात. खरेदीच्या पावतीवरील सालावर विसंबू नये. आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली, परंतु दुकानदार जुना माल पुढे वर्ष-दोन वर्षे विकत राहतात. २०१८ साली घेतलेल्या लॅपटॉपात सातवी पिढी सहज असू शकते.

प्रोसेसरखेरीज टीपीएम २.० नावाची एक सुरक्षाचकती यंत्रात असावी लागते. किल्ल्या ठेवण्याची लहानशी तिजोरी म्हणा. काही संगणकांत ती असते, पण बंद करून ठेवलेली असते. जाणत्या माणसाकडून ती सुरू करून घेता येते. शिवाय किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठा. हे सारे स्वतः ताडून पाहण्याचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यातील एक बटण दाबले की यंत्र पात्र आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या कारणाने, ते कळते.

माझ्या बहिणीचा लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा निघाला. तो इतका संथ झाला होता की तिच्या मुलाने त्याला केव्हाच मोडीत काढले होते. "मावशी, आता तिला नवाच घेऊन देतो," असे तो मला म्हणाला. मी त्याला जरा थांबावयास सांगितले. संथपणाची कारणे निराळी असतात आणि सिस्टीमचे वय निराळे. आधी पाहावे की फक्त इंटरनेट संथ आहे काय. आपल्या गावात सेल्को या नगराच्याच मालकीच्या संस्थेकडून वीजही येते आणि इंटरनेटही. त्याच वाय-फायवर फोन वा टॅब्लेट झरझर चालत असेल तर दोष जोडणीचा नाही, लॅपटॉपचा आहे. बहिणीच्या लॅपटॉपात जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क होती आणि मेमरी अवघी ४ जीबी. तबकडी काढून एसएसडी बसविली, मेमरी ८ जीबी केली, आणि त्यानंतर विंडोज ११ घेतले, जे पात्र यंत्राला फुकट मिळते. सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या पाव किमतीतही बसला नाही. पूर्वी सुरू होण्यास पाच-सहा मिनिटे घेणारे ते यंत्र आता चहाचे आधण ठेवीपर्यंत तयार असते. ४ जीबीची किमान अट कंपनीने घातली आहे खरी, पण ती इस्पितळातल्या पेजेसारखी आहे. जीव जगतो, अंगी बळ येत नाही. ज्यांना मेमरी वाढविता येते त्यांनी ८ तरी करावी. काही बारीक लॅपटॉपांत मात्र ती मूळ फळीवरच पक्की डकविलेली असते आणि बदलता येत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे.

थोरल्या दिरांच्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्यांचा लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना. खालची बाजू फुगून आली होती. ती बॅटरी होती. मंडळी, हे नीट ऐका. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, वापर तेथेच थांबवा. तिला आग लागू शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकावयाची नसते. बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रावरच न्यावी. त्यात तो प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आणि बिजागरी मोडलेली. अशा रुग्णावर पैसा खर्च करण्यात अर्थ नव्हता. फायली काढून घेतल्या आणि नवा लॅपटॉप आणला.

नवा घेताना काय पाहावे, हे थोडक्यात सांगते. ईमेल, व्हिडिओ कॉल, बँक, मराठी टंकलेखन आणि नातवंडांचे फोटो एवढ्यासाठी १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी एसएसडी पुष्कळ झाली. अगदी स्वस्त लॅपटॉपात ६४ जीबीचाच साठा असतो. दोन-चार मोठी अपडेटे आली की तो भरतो आणि वर्षाच्या आत डोकेदुखी सुरू होते. काही यंत्रे 'एस मोड'मध्ये येतात, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानाबाहेरचा कोणताही प्रोग्रॅम त्यांवर चालत नाही. या मोडमधून बाहेर पडणे फुकट असते, पण एकदा बाहेर पडले की परत जाता येत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारे लॅपटॉप चांगले असतात, बॅटरीही पुष्कळ टिकते. मात्र घरातले जुने छपाईयंत्र किंवा जुने मराठी सॉफ्टवेअर त्यावर चालेल की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीकर ६.२५ टक्के आहे, आणि ऑगस्टमधील एका शनिवार-रविवारी राज्य तो माफ करते. २,५०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंना ही माफी लागू असते. सातशे डॉलरच्या लॅपटॉपवर ४३ डॉलर आणि वर काही सेंट वाचतात. शब्बाथ पाळणाऱ्यांना रविवार आहेच.

आता माझा लॅपटॉप. २०१६ चा, सहाव्या पिढीचा, म्हणून विंडोज ११ साठी अपात्र. बाकी सर्व ठणठणीत. अपात्र यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा यंत्राला पुढील अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, असे कंपनीनेच सांगितले आहे. म्हणजे ज्या कारणासाठी एवढा खटाटोप करावयाचा, तेच कारण हातचे जाते. मी तो मार्ग घेतला नाही.

मी घेतला तो मुदतवाढीचा मार्ग. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० ची सुरक्षा अपडेटे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. त्यासाठी ३० डॉलर भरावे, किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड गुण द्यावेत, किंवा विंडोज बॅकअपने आपली सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवावीत; या तिसऱ्या मार्गाला पैसे पडत नाहीत. तिन्हींसाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. एका खात्यावर दहा यंत्रांपर्यंत ही सोय मिळते, म्हणजे नवरा-बायकोचे दोन लॅपटॉप असले तरी ३० डॉलर एकदाच. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो.

माझ्या भाच्याने विचारले, "एका वर्षाने पुन्हा तोच प्रश्न येणार, मग आताच का नाही सोडवायचा?" प्रश्न रास्त होता. पण मला ते वर्ष एका कामासाठी हवे होते, आणि ते काम आपल्यापैकी अनेकांच्या घरी पडून असणार, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलते.

माझ्या दिवंगत यजमानांनी वीस-बावीस वर्षे आमच्या घराण्याची आणि अलिबाग-रेवदंड्याकडच्या आप्तांची वंशावळ मराठीत टंकित केली. कोण कोणत्या गावचे, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, कोणती कबर कोठे आहे, घरी गाइल्या जाणाऱ्या कीर्तनांची टिपणे, असे सारे. हे सर्व जुन्या मराठी फाँटमध्ये आहे. आजचे मराठी युनिकोड पद्धतीने लिहिले जाते. त्यात 'क' या अक्षराचा संकेत जगातील प्रत्येक संगणकावर एकच असतो. शिवाजी किंवा श्री-लिपीच्या काळातील फाँटांत तसे नव्हते. यंत्र आतून रोमन अक्षरेच साठवीत असे आणि फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवीत असे. तो फाँट नसलेल्या नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली की आजोबा-पणजोबांच्या नावांच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांची भेळ दिसते. फाइल बिघडलेली नसते, तिची किल्ली हरवलेली असते. पण घरातील तरुण माणसे असे पान पाहून ते कचरा समजून पुसून टाकतात. माझ्या ओळखीच्या दोन घरांत असे झाले आहे, आणि त्या टिपणांची दुसरी प्रत नव्हती.

म्हणून जुना लॅपटॉप हलविण्यापूर्वी त्याच लॅपटॉपवर, जेथे अक्षरे नीट दिसतात तेथेच, प्रत्येक मराठी फाइल उघडून ती पीडीएफ स्वरूपात जतन करावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे रूप फाइलीबरोबरच बांधले जाते; ते कोठेही जसेच्या तसे दिसते. त्यानंतर फाँटची फाइलही नकलून ठेवावी. विंडोजच्या फोल्डरात फाँट्स नावाचे फोल्डर असते, त्यात ती सापडते. बहुधा ती नव्या यंत्रावरही बसविता येते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांनी दिलेले पान डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे 'किहीम'मधली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि 'कीर्तन'मधला रफार उडून शेजारी जातो. मजकूर साधा असेल तर चूक लगेच लक्षात येते. नाव असेल तर येत नाही. पुढच्या पिढीला ते चुकीचे नाव खरे वाटेल. मी रोज चार पाने तपासते. माझ्या हिशेबाने उन्हाळ्याच्या अखेरीस काम संपेल, मग ऑगस्टच्या करमाफीत नवा लॅपटॉप घेईन. तोवर ते जुने यंत्र फक्त याच कामासाठी ठेवले आहे. बँकेचे काम मी टॅब्लेटवर करते.

नव्या यंत्रावर मराठी टंकलेखन सोपे झाले आहे, हेही सांगते. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडली की 'मराठी फोनेटिक' नावाचा कळफलक मिळतो. इंग्रजी कळांनी आपण उच्चाराप्रमाणे लिहावे आणि देवनागरी उमटावी, अशी ती सोय आहे. जुन्या पत्रांतील मंगल हा फाँट मात्र नव्या सिस्टीममध्ये आपोआप असतोच असे नाही. वैकल्पिक सुविधांतून देवनागरीचे जादा फाँट मागवावे लागतात. पैसे पडत नाहीत.

अपग्रेड करा किंवा नवा घ्या, त्याआधी सर्व फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून पाच-दहा फायली उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत मी प्रत समजत नाही. वनड्राइव्हवर फुकट मिळणारी जागा ५ जीबीच असते. लग्नाचा एक व्हिडिओ ठेवला की ती भरते. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकड्यांची किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. ती किल्ली कागदावर लिहून, पासपोर्ट जेथे ठेवता तेथे ठेवावी. एक दिवस यंत्र ती विचारते आणि तेव्हा मुलगा हमखास कॅलिफोर्नियात असतो.

ज्यांना केवळ बातम्या, ईमेल आणि यूट्यूब पुरे आहे आणि ज्यांचे यंत्र अपात्र आहे, त्यांनी लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमचाही विचार करावा. ती पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, जुन्या सिस्टीमला हात न लावता. तिच्यावर मराठी उत्तम चालते. विंडोजचे काही प्रोग्रॅम मात्र चालत नाहीत, आणि घरात कोणी शिकविणारे नसेल तर आपल्या वयाच्या माणसाने एकट्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

फसवणुकीविषयी दोन शब्द. १४ ऑक्टोबरच्या बातमीचा फायदा घेणारे लोक आहेत. "तुमचे विंडोज कालबाह्य झाले आहे, आम्ही दुरुस्त करून देतो," असा फोन येतो, किंवा पडद्यावर लाल रंगात सूचना येते आणि खाली फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत फोन नंबर देत नाही आणि आपण न बोलाविता घरी फोनही करीत नाही. तो फोन खाली ठेवावा. लाल पडदा जात नसेल तर यंत्राचे बटण दाबून धरून ते बंद करावे आणि मला किंवा घरच्यांना फोन करावा. गिफ्ट कार्ड मागणारा कोणीही तंत्रज्ञ नसतो.

पुढील दोन रविवारी सकाळी दहा ते बारा मी सभागृहात बसणार आहे. येताना लॅपटॉप आणता आला तर आणा, चार्जरसह. नसेल जमत तर अबाउटच्या पानावरील प्रोसेसरचे नाव आणि मेमरीचा आकडा चिठ्ठीवर लिहून आणा. आणि ज्यांच्याकडे जुन्या फाँटमधल्या मराठी फायली आहेत, त्यांनी आधी माझ्याकडे यावे, दुकानात नंतर जावे.